डेंग्यूवरील चिनी पारंपरिक औषधोपचार

दक्षिण चीनमध्ये, विशेषतः ग्वांगडोंग प्रांतात, डेंग्यूच्या रुग्णांना आधुनिक उपचारांच्या जोडीने दिले जाणारे काढे व तयार औषधे. चिनी वैद्य डेंग्यूची गणना ‘वनपिंग’ या उष्ण ज्वरांच्या वर्गात करतात. ये थिएनश (१६६७–१७४६) या वैद्याच्या मते असा ज्वर शरीराच्या बाहेरच्या थरातून चार पायऱ्यांनी रक्तापर्यंत पोहोचतो. पुरळ व रक्तस्राव ही खोलवरच्या पायऱ्यांची लक्षणे असल्याने डेंग्यू या मांडणीत सहज बसतो.

ताप चढलेला असताना जिप्समयुक्त ‘पायहू थांग’ हा काढा देतात. रक्तस्राव दिसू लागल्यास यू लिनच्या १७९४ मधील ग्रंथातला ‘छिंगवन पायतू यिन’ वापरतात. त्यात जिप्सम, रेहमानियाचे मूळ, ज्येष्ठमध आणि पूर्वी गेंड्याचे शिंगही असे. चीनने १९९३ मध्ये या शिंगाच्या व्यापारावर बंदी घातली; आता त्याजागी म्हशीचे शिंग घालतात. चिनी औषधांतील आणखी एक वनस्पती कोकणच्या ओळखीची आहे: तापाच्या काढ्यातले कडू किराईत.

२०१४ मध्ये ग्वांगडोंगात ४५ हजारांहून अधिक लोकांना डेंग्यू झाला. अशा साथीत काढ्याचा गुण पारखणे फार अवघड असते. बहुतेक रुग्ण आठवड्याभरात आपसूक बरे होतात आणि घटलेल्या प्लेटलेटही आपोआप वाढतात. त्यामुळे ‘काढा घेतला आणि पेशी वाढल्या’ हा अनुभव खरा असला, तरी पुरावा ठरत नाही. काही वनस्पतींचे अर्क प्रयोगशाळेत विषाणूची वाढ रोखतात. मात्र काढ्यांमुळे मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत टळते, हे भक्कम चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. चिनी वैद्यकातूनच पुढे आलेले आर्टेमिसिनिन हिवतापावर चालते, डेंग्यूवर नाही.

खरी जोखीम ताप उतरण्याच्या वेळी असते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप ओसरतो आणि काही रुग्णांत नेमका तेव्हाच रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपू लागतो. उतरलेला ताप काढ्याचे यश समजून घरी थांबल्यास सलाइनची मोलाची वेळ हातची जाते. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गळून गेल्यासारखी सुस्ती दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. शिवाय सर्दी-तापावरच्या काही चिनी तयार औषधांत वनस्पतींबरोबर पॅरासिटामॉलही असते. वेगळी गोळी चालू असेल, तर मात्रा नकळत दुप्पट होऊन यकृताला इजा होऊ शकते.