सांगवीकर, पांडुरंग

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (1963) कादंबरीचा नायक व निवेदक. खानदेशातल्या सांगवी गावच्या सधन शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षणासाठी पुण्याला जातो. त्याची जडणघडण मुख्यतः वडिलांच्या धाकातून होते. घरात पैसा आहे, पण त्यावर हुकूमत वडिलांची. म्हणून पुण्यातली त्याची उधळपट्टी हेही एक बंडच ठरते. वसतिगृह त्याला मोकळीक देते, आधार देत नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने दगावते, तेव्हा घराविषयीचा त्याचा राग आणि माया एकदमच उफाळतात. कादंबरीतला हा सर्वांत अस्सल भाग. शिक्षण अर्धवट टाकून तो गावी परततो. मराठी कादंबरीतल्या ग्रामीण तरुणाला त्याने नवी भाषा दिली. नेमाडे यांना 2014चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.