ऑफलाइन मालवेअर निर्मूलन

ऑफलाइन मालवेअर निर्मूलन म्हणजे संगणकाला महाजालाशी न जोडता, तसेच शक्य तेथे त्याची बाधित कार्यप्रणाली सुरू न करता, त्यातील घातक आज्ञावली शोधून काढून टाकण्याची प्रक्रिया होय. संगणक विषाणू, वर्म, ट्रोजन, हेरगिरी करणाऱ्या आज्ञावली इत्यादींना एकत्रितपणे मालवेअर म्हणतात. घरगुती लॅपटॉपवर ही पद्धत प्रामुख्याने दोन परिस्थितींत वापरली जाते: मालवेअरने महाजालाची जोडणीच बंद पाडली असेल तेव्हा, किंवा चालू कार्यप्रणालीतून मालवेअर सापडत नसेल तेव्हा.

## तत्त्व

चालू असलेल्या संगणकात अँटिव्हायरस आणि मालवेअर एकाच कार्यप्रणालीच्या आश्रयाने काम करतात. मालवेअरला पुरेसे अधिकार मिळाले असतील, तर ते स्वतःच्या फाइल लपवू शकते, अँटिव्हायरस बंद पाडू शकते आणि काढून टाकल्यावर पुन्हा स्वतःची प्रत तयार करू शकते. त्यामुळे बाधित संगणकाने स्वतःविषयी दिलेला 'सर्व सुरक्षित आहे' हा अहवाल विश्वासार्ह मानता येत नाही. संगणक बाहेरील स्वच्छ माध्यमावरून सुरू केल्यास हार्ड डिस्कवरील मालवेअर कार्यान्वित होत नाही. ते इतर फाइलींसारखीच एक निष्क्रिय फाइल ठरते आणि तपासता येते.

## इतिहास

महाजाल घरोघरी पोहोचण्यापूर्वी सर्वच निर्मूलन ऑफलाइन होते. जून १९९० मध्ये भारतात आढळलेला 'जोशी' हा विषाणू याचे महत्त्वाचे उदाहरण आहे. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरला व हार्ड डिस्कच्या विभाजन तक्त्याला बाधित करीत असे. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकित करण्यास सांगे. तसे केल्यावरच काम पुढे चालू होई. स्मृतीत असताना तो बाधित सेक्टरऐवजी मूळ सेक्टर दाखवत असे आणि कळफलकावरून संगणक पुन्हा सुरू केला तरी टिकून राहत असे. म्हणून वीजपुरवठा पूर्ण बंद करून, लेखन-प्रतिबंधित स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करणे हा त्यावरील उपाय होता. आजच्या बचाव-डिस्कचे तत्त्वही हेच आहे.

पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या व्यवसायातून पुढे आलेले कैलाश काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी याच दशकात 'क्विक हील' हा अँटिव्हायरस विकसित केला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाल्यानंतर चाळीसगाव, पाचोरा, शिरपूर यांसारख्या तालुक्याच्या गावांतही संगणक साक्षरता वाढली. महाजालाची जोडणी नसलेल्या घरांत माहितीची ने-आण पेन ड्राइव्हने होई. प्रशिक्षण केंद्र, झेरॉक्सचे दुकान आणि घर अशा फेऱ्यांमध्ये मालवेअरचाही प्रसार होत असे. नोव्हेंबर २००८ मध्ये उघडकीस आलेल्या 'कॉनफिकर' वर्मच्या पुढील आवृत्त्या पेन ड्राइव्हमधूनही पसरत. कॉनफिकर अँटिव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळे उघडू देत नसे. त्यामुळे उपाय दुसऱ्या संगणकावरून आणावा लागे.

## महाजाल बंद पडण्याची कारणे

जोडणी नसणे म्हणजे मालवेअर असणे असे नव्हे. राउटर, वायफायचा चालक, विमान मोड किंवा सेवा खंडित होणे ही कारणे अधिक सामान्य आहेत. त्याच जोडणीवर मोबाइल चालत असेल, तर दोष लॅपटॉपमध्ये असण्याची शक्यता वाढते. मालवेअर पुढील मार्गांनी अडथळा आणते:

* प्रॉक्सी: ब्राउझरची वाहतूक मालवेअरच्या मध्यस्थ आज्ञावलीतून वळवली जाते. ती आज्ञावली काढली, पण मांडणी तशीच राहिली, तर कोणतेही पान उघडत नाही.
* होस्ट्स फाइल: ठरावीक संकेतस्थळांच्या नावांपुढे चुकीचे पत्ते लिहिले जातात.
* डीएनएस: नावाचे पत्त्यात रूपांतर करणारा सर्व्हर बदलला जातो. 'डीएनएसचेंजर' प्रकरणात नोव्हेंबर २०११ मध्ये गुन्हेगारांचे सर्व्हर ताब्यात घेऊन त्यांच्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर चालवण्यात आले. ते ९ जुलै २०१२ रोजी बंद होताच, तोपर्यंत दुरुस्त न झालेल्या संगणकांची जोडणी तुटली.
* विनसॉक: विंडोजच्या जाळे-व्यवस्थेत घुसवलेला दुवा अर्धवट काढल्यास पुढील साखळी तुटते.

म्हणजेच मालवेअर नष्ट झाल्यावरही जोडणी बंद राहू शकते. निर्मूलन आणि जोडणीची दुरुस्ती ही दोन वेगळी कामे आहेत.

## कार्यपद्धती

प्रथम वायफाय बंद करून व जाळ्याची तार काढून लॅपटॉप वेगळा केला जातो. त्यामुळे माहिती बाहेर पाठवणे आणि घरातील इतर यंत्रांकडे होणारा प्रसार थांबतो. यानंतर छायाचित्रे, शैक्षणिक कागदपत्रे व हिशेब यांची प्रत घेतली जाते. ही प्रत तपासणी होईपर्यंत संशयित मानली जाते आणि तिच्यातून कोणतीही आज्ञावली चालवली जात नाही.

विंडोज १० व ११ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' ही सोय अंगभूत आहे. ती संगणक पुन्हा सुरू करून विंडोज पूर्ण चालू होण्यापूर्वी तपासणी करते. विषाणूंच्या ओळखखुणांची अद्ययावत फाइल दुसऱ्या स्वच्छ संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणता येते. मात्र ती लॅपटॉपच्या प्रणालीला, म्हणजे ३२ किंवा ६४ बिटला, अनुरूप असावी लागते. विंडोज सुरूच होत नसेल तर बचाव-डिस्क वापरतात. कॅस्परस्कीची 'रेस्क्यू डिस्क' आणि क्विक हीलची 'इमर्जन्सी डिस्क' या प्रकारात मोडतात. अशी डिस्क बाधित लॅपटॉपवर तयार केली जात नाही. हार्ड डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास तिची पुनर्प्राप्ती किल्ली आधीच हाताशी असावी लागते.

तपासणीनंतर प्रॉक्सी बंद करणे, होस्ट्स फाइल पूर्ववत करणे, डीएनएस पत्ता स्वयंचलित ठेवणे आणि विनसॉकची पुनर्स्थापना करणे या क्रमाने जोडणी दुरुस्त केली जाते. जोडणी परत येताच कार्यप्रणाली अद्ययावत करून पुन्हा संपूर्ण तपासणी करतात. बँक व ईमेलचे परवलीचे शब्द बाधित लॅपटॉपवरून न बदलता स्वच्छ यंत्रावरून बदलणे आवश्यक असते.

## पेन ड्राइव्ह

'शॉर्टकट व्हायरस' या नावाने परिचित मालवेअरमध्ये पेन ड्राइव्हवरील फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. मूळ फोल्डर बहुधा पुसलेले नसून त्यांना 'लपवलेले' व 'प्रणालीचे' असे गुणधर्म दिलेले असतात. शॉर्टकट उघडल्यावर मालवेअर चालते आणि मूळ फोल्डरही उघडतो, त्यामुळे वापरकर्त्याला संशय येत नाही. घाईने पेन ड्राइव्ह फॉरमॅट केल्यास परत मिळू शकणारी माहितीही गमावली जाते. आधी मालवेअर काढून नंतर 'ॲट्रिब' आज्ञेने हे गुणधर्म हटवले जातात. निर्मूलनासाठी वापरलेला पेन ड्राइव्ह मात्र काम झाल्यावर स्वच्छ यंत्रावर फॉरमॅट करणे योग्य असते.

## मर्यादा

खंडणीखोर मालवेअर काढले तरी त्याने कूटबद्ध केलेल्या फाइल आपोआप उघडत नाहीत. अँटिव्हायरसला अनोळखी असलेले नवे मालवेअर ऑफलाइन तपासणीतूनही सुटू शकते. संसर्ग पुन्हा उद्भवत असल्यास माहितीची प्रत ठेवून कार्यप्रणाली नव्याने स्थापित करणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने अशा लॅपटॉपवर पुन्हा संसर्ग होण्याचा धोका अधिक राहतो.

## शासकीय साहाय्य

भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेअंतर्गत २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू झाले. त्याच्या संकेतस्थळावर निर्मूलनाची साधने विनामूल्य मिळतात. मालवेअरमुळे आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

## हे सुद्धा पहा

* संगणक विषाणू
* अँटिव्हायरस
* क्विक हील
* सायबर सुरक्षा