निघाले सोल्डर तपासायला

तीन दिवस सुरळीत चाललेलं यंत्र अचानक गप्प होतं. पडदा थिजलेला, बटणं मुकी. अशा वेळी जाणता माणूस आधी एकच सांगतो: वीज बंद करू नका. बिघाडाचा पुरावा चिपच्या रॅममध्ये असतो, वीज गेली की तोही गेला. मग ग्राउंड धरून तीन बारीक तारा जोडायच्या, रिसेट न देता डीबगर लावायचा आणि प्रोसेसर नेमका कुठल्या पत्त्यावर अडकलाय ते वाचायचं. हे काम ज्या वाटेनं होतं, ती वाट मुळात यासाठी बांधलेलीच नव्हती.

१९७४ साली इंटेलचा ८०८० आला, तेव्हा चिपच्या पोटात डोकावायची सोय नव्हती. त्यावरचा उपाय धाडसी होता. बोर्डावरचा प्रोसेसर सॉकेटमधून उपटायचा आणि त्याच्या जागी ४० पायांचा प्लग बसवायचा. प्लगमागे केबल, केबलमागे टेबल व्यापणारं यंत्र. ते प्रोसेसरचं काम स्वतः करायचं आणि सांगाल तिथं थांबायचं. याला इन-सर्किट एम्युलेटर, थोडक्यात आयसीई किंवा ‘आइस’, म्हणत. इंटेलच्या यंत्राचं नाव होतं आयसीई-८०. साधन जबरदस्त, पण महाग. शिवाय आधीच चालू असलेल्या उपकरणाला ते लावता येत नसे, कारण पहिली पायरीच प्रोसेसर काढण्याची! पुढे वेग वाढले, कॅश मेमरी चिपच्या आत गेली आणि बाहेरच्या पायांवरून आतलं कळेनासं झालं.

दरम्यान कारखान्यांची अडचण वेगळीच होती. बोर्डावर टोकदार पिना टेकवून प्रत्येक सोल्डर तपासला जाई. चिपा पृष्ठभागावरच चिकटू लागल्या, बोर्डांचे थर वाढले, आणि पिना टेकवायला जागा उरेना. १९८५ मध्ये कंपन्यांनी मिळून जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप स्थापला. जेटॅग हे त्याचंच लघुरूप. त्यांची कल्पना देखणी होती: चिपच्या प्रत्येक पायापाशी एका बिटाचं घर ठेवायचं, ही घरं माळेसारखी ओवायची आणि माळेतून बिट सरकवत जोड तपासायचे. त्यासाठी तारा लागत चार: टीडीआय, टीडीओ, टीसीके, टीएमएस. १९९० मध्ये आयईईई ११४९.१ हे मानक ठरलं. त्याचा मूळ हेतू जोडांची तपासणी हाच होता.

पण चार तारा चिपच्या आत पोचल्याच होत्या. मग त्यांवरून प्रोसेसरलाच का विचारू नये? एआरएम७टीडीएमआय या प्रोसेसरच्या नावातला शेवटचा ‘आय’ म्हणजे एम्बेडेडआइस. टेबलावरच्या त्या यंत्राचं नाव सिलिकॉनच्या कणात येऊन बसलं. आत दोनच वॉचपॉइंट. ठरलेला पत्ता आला की कोर थांबवायचे. दोन हे थोडेच, पण प्रोसेसर न उपटता मिळालेले.

साधनंही हळूहळू सर्वांच्या आवाक्यात आली. ओपनओसीडी हा डीबगिंगचा मुक्त प्रोग्राम २००५ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला डोमिनिक राथ या विद्यार्थ्याच्या पदविका-प्रबंधातून जन्मला.

एआरएमच्या कॉर्टेक्स-एम चिपांनी तर कोर न थांबवता मेमरी वाचायची मुभा दिली. विजेची मोटार चिपनं फिरवणाऱ्या माणसाला या मुभेचं मोल ठाऊक असतं. मोटार फिरत असताना कोर थांबला, तरी टायमर शेवटच्या आकड्यावर पल्स सोडत राहू शकतो. प्रवाह आवरायला कुणी नसतं आणि ट्रान्झिस्टर जळतात. म्हणून तिथं प्रवाहाचा आकडा मोटार फिरती ठेवूनच वाचतात, चारऐवजी डेटा आणि क्लॉक अशा दोनच तारांवरून. पुष्कळ चिपांवर या दोन तारांचे पाय म्हणजे जेटॅगचेच टीएमएस आणि टीसीके.