चिकटवाचिकटवीचा इतिहास

फोटो काढण्याचा इतिहास सांगणारे विद्वान पुष्कळ भेटतात. दागेर नावाच्या फ्रेंच गृहस्थाची युक्ती १८३९ साली जाहीर झाली, इथपासून ते सुरू करतात आणि समोरचा चहा गार होईपर्यंत थांबत नाहीत. पण काढलेला फोटो पुढे कशावर, कशाने आणि कुणाशेजारी चिकटवायचा, हा खरा कौटुंबिक प्रश्न! त्याला हे लोक हात लावत नाहीत. बोटं चिकट होतील अशी भीती असावी.

१८५४ साली दिस्देरी नावाच्या दुसऱ्या फ्रेंचाने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो काढण्याचं पेटंट घेतलं आणि व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो स्वस्त झाले. स्वस्त वस्तू साठते, साठली की ठेवायला आल्बम लागतो. विलायतेतल्या बड्या घरच्या बायका १८६०-७० च्या सुमारास नातेवाइकांची मुंडकी कात्रीने कापून, स्वतः रंगवलेल्या चित्रांवर डकवू लागल्या. एका बाईंनी तर ती बदकांच्या धडांवर बसवली. आपण मनात म्हणतो, त्या करून मोकळ्या झाल्या. पुढे १८७३ साली प्रत्यक्ष मार्क ट्वेनने आधीच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं. पान ओलं करा, कात्रण ठेवा, झालं. लेखकाने विनाअक्षरी वही विकून पैसे मिळवावेत, ही गोष्ट आम्हां लिहिणाऱ्यांना विचार करायला लावणारी आहे.

आपणही मागे नव्हतो. १८५४ सालीच मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. तिकडे नाथद्वाऱ्याचे चित्रकार तर श्रीनाथजींसमोर हात जोडून उभा असलेला यजमान रंगवीत आणि त्याच्या धडावर चेहरा मात्र फोटोतला कापून चिकटवीत. शिवाय रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीला जर आणि टिकल्या लावून नटवणाऱ्या गृहिणी होत्याच. ‘मिक्स्ड मीडिया’ हा शब्द या मंडळींना ठाऊक नव्हता, एवढंच.

तो मला ठाऊक झाला माझ्या पुतणीमुळे. कुलसंमेलनासाठी तिने आमच्या १९३१ सालच्या घराण्याच्या फोटोभोवती एक भलंमोठं पान सजवायचं काढलं. घरोघरी निरोप गेले, वस्तू आल्या. पैठणीचा फाटका काठ आला, हळदीचे डाग पडलेली लग्नपत्रिका आली, ‘श्री’ने सुरू होणारी पोस्टकार्डं आली. एकाने स्वतःची मॅट्रिकची गुणपत्रिका पाठवली; इतिहासापेक्षा गणितातले मार्क दिसावेत हा हेतू उघड होता.

चिकटवण्याचं खातं माझ्याकडे. बाजारातल्या चिकट पानांच्या आल्बमांवर माझा राग आहे. त्यांचा गोंद वर्षांनी पिवळा पडतो आणि फोटो घेऊनच सुटतो. मी कणकेची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून बाइंडर घालतात तसं चिमूटभर मोरचूद घातलं. मूळ फोटोला मात्र थेंब लागू दिला नाही. पानावर त्याची प्रत लावायची होती.

प्रत काढण्यासाठी फोटो चौकटीतून काढला. हा फोटो देवघराच्या भिंतीवर असे. पणजोबांच्या घरात कांदासुद्धा वर्ज्य; आणि फोटोच्या कागदावरचं जिलेटिन करतात जनावरांच्या हाडांपासून! त्यांना हे कोणी सांगितलं नाही, हे बरंच झालं.

तर, वरचा लंबगोल खिडकीचा पुठ्ठा उचलला आणि डाव्या कडेला दाराची चौकट दिसली. पुतणी म्हणाली, “काका, इथे कोणीतरी उभं आहे.”

भिंग लावलं. दारातल्या अंधारात एक चेहरा आणि चौकटीवर ठेवलेला हात. बाकी सगळं काळं. त्या काळच्या साध्या काचांना लाल रंग दिसत नसे, तो काळाच उठे. म्हणून जुन्या फोटोंतलं कुंकूही काळं दिसतं. हे काळं म्हणजे लाल आलवण होतं.

“आक्का,” आमचे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे धाकटे काका म्हणाले.

आजोबांची थोरली बहीण. चौदाव्या वर्षी परत आलेली. फोटोतल्या सोळा जणांचा स्वयंपाक तीच करत असणार. फोटोच्या वेळी तिला पुढे बोलावलं नाही, आणि ती दारात आली तर पुठ्ठा नेमका एवढाच कापला.

“वडील माणसांनी झाकलं ते आपण कशाला उघडायचं?” काकांनी विचारलं.

“आजोबा, तुम्हाला लहानाचं मोठं कुणी केलं?” पुतणी म्हणाली.

काका उठून आत गेले. रागावले असं आम्हाला वाटलं. त्यांच्या ट्रंकेचं झाकण वाजलं.

आता प्रश्न असा की, तिच्याशेजारी लावायचं काय? तिचा काठ नाही, पत्रिका जपलेली नाही, पत्र नाही, कारण लिहायलाच शिकवलं नव्हतं. गणपतीच्या स्टिकरांचा ढीग पडला होता, पण ते लावायला पुतणीचा हात होईना.

काका कापडात गुंडाळलेला कागद घेऊन आले. सासरकडून आलेल्या अन्नवस्त्राची पावती. सालाचे रुपये चोवीस पोचले. खाली डाव्या हाताचा अंगठा, आणि कारकुनाच्या वळणदार अक्षरात तिचं नाव. ते नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांची ती आक्काच.

“झेरॉक्स नको,” काका म्हणाले. “हीच लावा.”

मी कोपऱ्यांना खळ लावायला घेतली, तर त्यांनी ब्रश काढून घेतला. तुझा हात जड आहे म्हणाले. मग त्यांनीच ती लावली, वाकडी, मॅट्रिकच्या गुणपत्रिकेचे निम्मे मार्क झाकून.