‘मामा’ तलाव : एका नावाची कुळकथा

पावसाळा सरता सरता गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावच्या बाजूने जाणाऱ्या परक्या प्रवाशाने वाटेत लागलेल्या एखाद्या जलाशयाची चौकशी केली, म्हणजे ‘तो मामा तलाव’ असे उत्तर त्यास मिळते. आणि आईच्या भावाच्या मायेशी या पाण्याचा काही ऋणानुबंध असावा, अशी त्याची सहजच समजूत होते. वस्तुतः हे नाव दप्तरात जन्मले. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून कारकुनी लेखणीने ते सिद्ध केले.

‘माल’ म्हणजे सरकारी वसूल आणि ‘गुजार’ म्हणजे तो भरणारा. १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात, पूर्वी केवळ गावचा वसूल जमा करणारा पाटील हा गावाचा मालक मानला जाऊन त्याच्या नावावर जमिनीबरोबर तलावही चढले. गावकऱ्यांचे निस्ताराचे, म्हणजे सामायिक वापराचे, हक्क व पाण्याचे रिवाज वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या वहिवाटीच्या नोंदपत्रात, नमूद झाले खरे. परंतु कागदावर तलावाचे कूळ यापुढे मालगुजारापासून मोजले जाऊ लागले.

तलाव मात्र या कागदाहून फार जुने होते. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेथील टेकड्यांपैकी एकीवर तो आजही कोलासुर देव होऊन पूजिला जातो. डोंगराच्या खोबणीत मातीची पाळ घालून ओढा अडवावा, एका तलावाचा सांडवा खालच्या तलावास मिळावा आणि परतीचा पाऊस दगा देतो त्या ऐन वेळी लोंबीत दाणा भरणाऱ्या धानास पाटाचे पाणी पोचावे, ही कोहळी जातीची विद्या होती. आणि कोणाच्या बांधीत किती पाणी सोडावयाचे, हे पाणकर पाहत असे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथातही कोहळ्यांच्या या तलाव बांधण्याच्या कौशल्याची नोंद आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या ज्या अमदानीत येथील तलाव मालगुजाराच्या नावे नांदत होते, त्याच अमदानीत तिकडे वेल्समध्ये लिव्हरपूल शहराने १८८१ साली व्हर्नवी नदीवर दगडी धरणाचा पाया घातला. १८८८ साली लानूदिन हे गाव, त्यातील घरे व प्रार्थनामंदिर पाडून, पाण्याखाली गेले, आणि १८९२ पासून ते पाणी सुमारे सत्तर मैल दूर लिव्हरपूलच्या नळांतून वाहू लागले. त्या सरोवराला नाव नदीचे मिळाले, बुडालेल्या गावाचे नाही. आपल्याकडे गाव आणि बांध एकाच नावाने नांदतात, कारण येथे पाणी ज्या गावाने अडविले त्याच गावाने ते प्याले आणि त्याच गावाने ते शेताला पाजले.

१९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, मालगुजारी संपुष्टात आली. तलाव सरकारजमा झाले आणि ‘मालगुजारी’मागे ‘माजी’ लागले. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा हे ‘मामा’ही दोन जिल्ह्यांत विभागले गेले. मालकी बदलली त्याबरोबर पाळीवर दरवर्षी माती घालणारे हातही ढिले पडले, आणि गाळ, बेशरम वनस्पतीची झुडपे व अतिक्रमण यांनी कित्येक तलावांची पोटे भरून टाकली. मासेमारी करणारी ढिवर मंडळी काही ठिकाणी ती झुडपे उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावीत आहेत, हे कार्य मला मोठे मोलाचे वाटते.

या नावात वसूल भरणारा आला, बांधणारा कोहळी राहून गेला. एवढा अन्याय त्या दोन अक्षरांनी केला आहे. परंतु दप्तराने केलेला संक्षेप लोकांनी नात्यात घेतला, आणि नाते एकदा जिभेवर आले की त्याची जबाबदारीही खांद्यावर येते. ज्याला आपण मामा म्हणतो, त्याच्या अंगणात वर्षाकाठी एकदा तरी, घमेलेभर माती घेऊन, जावयास नको काय?