उलट फिरलेली चकती

जुन्या वीजमीटरच्या काचेमागे ॲल्युमिनियमची चकती फिरायची. हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी या अभियंत्याने १८८९ मध्ये अशा मीटरचं पेटंट घेतलं. वीज घरात येताना चकती सुलट फिरे. घरातून बाहेर गेली तर ती उलट फिरणार, हे तिच्या घडणीतच होतं. पण घराने वीज बाहेर पाठवायचा प्रसंग जवळपास नव्वद वर्षं क्वचितच आला.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टीव्हन स्ट्राँग या वास्तुरचनाकाराने एका निवासी संकुलावर सौर पॅनेल बसवली आणि मीटर होता तोच ठेवला. उन्हात वीज उरली की आकडा मागे सरके. नेट मीटरिंगचं, म्हणजे घेतलेल्या विजेतून दिलेली वजा करण्याच्या पद्धतीचं, मूळ इथे मानलं जातं. छोट्या उत्पादकांची वीज विकत घेण्याची सक्ती वीज कंपन्यांवर १९७८ च्या ‘पर्पा’ कायद्याने आधीच झाली होती. पण दर मिळे तो कंपनीचा जेवढा खर्च वाचला तेवढाच. चकतीला भाव कळत नव्हता. दिलेल्या एका युनिटाने घेतलेलं एक युनिट फिटायचं. मिनेसोटाने १९८३ मध्ये ४० किलोवॉटखालच्या निर्मितीसाठी हाच हिशोब कायद्यात आणला.

यंत्राची ढब आधी आणि धोरण मागाहून, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. दुपारी घर रिकामं असतं, दिवे-पंखे लागतात संध्याकाळी. दुपारचं युनिट संध्याकाळी त्याच भावात वळतं झालं, म्हणून बॅटरीविना सौरवीज परवडली.

इलेक्ट्रॉनिक मीटर येणारी-जाणारी वीज वेगवेगळी मोजतो, वेळही नोंदवतो. त्यामुळे दोन्हींना वेगळा भाव लावणं सोपं झालं. कॅलिफोर्नियात १५ एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या बाहेर जाणाऱ्या विजेचा मोबदला सुमारे तीन-चतुर्थांशाने घटला. मुदतीआधी अर्जांची झुंबड उडाली, नंतर मागणी कोसळली. जे उरले ते बहुतेक बॅटरीसह पॅनेल घेऊ लागले. ऊन तेच होतं, पॅनेलही तीच. जुन्या ग्राहकांना मात्र वीस वर्षं जुनाच हिशोब राखून दिला, आणि ते न्याय्यच झालं: आयुष्याची बचत छतावर घालणाऱ्याला दिलेला शब्द मध्येच फिरवता येत नाही.

महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आले. आपल्याकडे दर टप्प्यांचे असल्याने वजावट वरच्या, महाग टप्प्यातून सुरू होते. महिन्याला चारशे युनिट जाळणाऱ्या घराची महागडी युनिटं आधी गळतात. शंभराच्या आत राहणाऱ्या घराची स्वस्त युनिटंच वाचतात, स्थिर आकार तर भरावाच लागतो. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते उभारणीचा खर्च हलका करतं. पण त्या लहान घराचं मासिक बिलच इतकं कमी असतं की पदरचे उरलेले पैसे वसूल व्हायला त्याला मोठ्या घरापेक्षा कितीतरी जास्त वर्षं लागतात.