साहेबाचे कट्टे आणि शून्य गट

विजयदुर्ग किल्ल्यावर दगडी चौथरे आहेत, ‘साहेबाचे कट्टे’. लॉकियर साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथूनच हेलियम शोधला, असं गावात सांगतात. देवगड तालुक्यात मी रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे त्या तारखेला भाषणाचं बोलावणं ठरलेलं. जायचो, आणि यजमानांना न रुचणारं बोलून यायचो.

लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. शिवाय ऐन पावसाळ्यात कोकणात दुर्बीण लावायची ती काय ढग बघायला? तिकडे जमखंडीलाही लेफ्टनंट हर्शेलला ढगांनी छळलं. नशीब उघडलं ते गुंटूरला, जान्सेन या फ्रेंच माणसाचं. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेघा त्याला इतक्या ठळक दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पाहिल्या. लॉकियरने हेच ऑक्टोबरमध्ये घरबसल्या साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. त्या रेघांतली एक पिवळी रेघ सोडियमच्या जोडरेघांच्या शेजारी होती, पण त्यांच्या जागी नव्हती. हे पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य आहे, असा हट्ट लॉकियरने धरला. रसायनवाल्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. मेंडेलीव्हच्या १८६९ च्या मूलद्रव्यांच्या सारणीत हेलियम नाही.

१८९५ मध्ये लंडनला रॅम्झे क्लेव्हाइट हे युरेनियमचं खनिज आम्लात टाकून आरगॉन शोधत होता. निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ! या वायूबरोबर अडचणही आली. आदल्याच वर्षी सापडलेल्या आरगॉनला सारणीत जागा नव्हती. त्याचा अणुभार पोटॅशियमहून जास्त, आणि संयोग कशाशीच नाही. हा तीन अणूंचा नायट्रोजन असावा, असा मेंडेलीव्हचा संशय. १८९८ मध्ये रॅम्झे आणि ट्रॅव्हर्स यांना क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन एकापाठोपाठ मिळाले, तेव्हा एकेकाला नाकारणं जमेना. अखेर म्हाताऱ्या मेंडेलीव्हनेही या वायूंसाठी सारणीत वेगळा ‘शून्य गट’ मानला.

त्याच १८९८ च्या २२ जानेवारीला, स्वच्छ हिवाळ्यात, लॉकियर ग्रहण पाहायला खरोखरच विजयदुर्गावर होता. मदतीला ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी. पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला तेच ग्रहण जेऊरहून टिपत होते. कट्टे त्या मुक्कामाचे असावेत, असं माझं मत. किल्ल्याला तेवढा मान पुरे.

वर्गात मात्र मुलांचा प्रश्न वेगळाच असे: हेलियमला इलेक्ट्रॉन दोनच, मग तो सारणीत बेरिलियमच्या डोक्यावर का नाही? काही रसायनशास्त्रज्ञ आजही त्याला तिथेच बसवतात. मला पटत नाही. कोणाशी सहसा संयोगच न करणारा वायू मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या रांगेत बसवून मुलांना काय शिकवणार?